मोकळी तार झणझणते, पहिला फ्रेट चढा वाजतो : बासच्या नटचं पुन्हा पुन्हा उलटणारं दुखणं

माझ्या बास गिटारची ए तार मोकळी, म्हणजे बोट न ठेवता, वाजवली की तंबोऱ्यासारखी झणझणायची. पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पहिल्या आडव्या पट्टीशी, बोट ठेवलं की आवाज स्वच्छ, बोट उचललं की परत झीं. माझ्या चार तारांच्या बासला हे दुखणं तीन वर्षं होतं. दुरुस्त करून आणायचो, दोन-तीन महिने बरं चालायचं, आणि तारांचा नवा सेट चढवला किंवा पावसाळा सरला की पुन्हा तेच. गणेशोत्सवात सांगलीत विश्रामबागेतल्या एका मंडळासमोर आमचा ऑर्केस्ट्रा होता. गायकाने पांढरी सहा धरली, म्हणजे षड्जच माझी मोकळी ए तार. अख्खं गाणं त्या झणझणीवर गेलं. साउंडवाल्याने दोनदा केबल बदलली, तिसऱ्यांदा माझ्याकडे बघितलं, आणि मला कार्यक्रम संपेपर्यंत मान वर करवेना.

दुखणं होतं नटमध्ये, म्हणजे मानेच्या खुंट्यांकडच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांत टेकतात तिच्यात. या तीन वर्षांत ए तारेच्या त्या एका खाचेवर काय काय झालं ते आधी सांगतो, कारण बऱ्याच जणांच्या बासची हीच कहाणी असते. पहिल्या वेळी दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं, खाच खोल गेलीय. त्याने खाण्याचा सोडा आणि सुपरग्लू भरून ती वर आणली. झणझण गेली, पण पहिल्या फ्रेटवरचा सूर चढा वाजायला लागला. दुसऱ्या वेळी ती खाच घासून खाली आणली. झणझण परत. तिसऱ्या वेळी पुन्हा भरली. प्रत्येक जण खाचेची उंचीच बदलत राहिला आणि मीही त्याला होकार देत राहिलो. खरा दोष सुरुवातीला उंचीत नव्हताच. तार खाचेत नीट बसतच नव्हती. उंची बिघडली ती इलाजांनी.

म्हणून माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे: मोजल्याशिवाय नटला कानस लावू नका, आणि मोजण्याचाही एक क्रम आहे तो मोडू नका.

आधी दुखणं कुठलं ते ऐका

अ‍ॅम्प बंद ठेवून शांत खोलीत बसा. चारही तारा सुरात लावा. एकेक तार आधी मोकळी, मग पहिल्या फ्रेटपासून वर एकेक फ्रेट दाबून सारख्या जोराने वाजवा.

फक्त मोकळी तार झणझणत असेल आणि पहिल्या फ्रेटपासून पुढे सगळं स्वच्छ असेल, तर दोष नटच्या टोकाला आहे. बोट ठेवलं की नट हिशेबातून जातो, इतकं ते साधं आहे. पहिल्या पाच-सहा फ्रेटवरही झणझण असेल तर नेक, म्हणजे बासची मान, फार सरळ झालाय किंवा मागे वाकलाय. बाराव्याच्या पुढेच त्रास असेल तर ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारांच्या दुसऱ्या टोकाला त्या ज्यांवर टेकतात ते तुकडे, बघा, नटकडे वळूही नका.

दुसरं लक्षण याच्या उलट. मोकळी तार ट्यूनरवर बरोबर, पण पहिल्या फ्रेटवरचा सूर चढा. तिथे दाबायला जोरही जास्त लागतो, तासभर वाजवलं की डाव्या हाताची करंगळी दुखते. ही खाच उंच असल्याची खूण. तार फ्रेटपर्यंत खाली न्यायला ती ताणावी लागते, आणि ताणली की सूर चढतो. पहिला फ्रेट नटच्या इतका जवळ आहे, ३४ इंच स्केलच्या बासवर जेमतेम ४८.५ मिलिमीटरवर, की तिथे हा परिणाम सगळ्यात जास्त. पाचव्या फ्रेटपर्यंत तो बराच विरतो.

आपल्याकडे हे लवकर कळतं, कारण गायक पट्टी सांगतात ती काळी-पांढरीत. पहिल्या फ्रेटवर ई तारेची पांढरी चार, ए ची काळी पाच, डी ची काळी दोन आणि जी ची काळी चार पडते. बायकांच्या कितीतरी गाण्यांची पट्टी काळी चार किंवा काळी पाच. म्हणजे गाण्याचा षड्जच नेमका पहिल्या फ्रेटवर येतो, आणि खाच उंच असेल तर कीबोर्डशेजारी तो दर समेवर चढा ऐकू येतो. माझ्या भरलेल्या खाचेवर काळी पाच ट्यूनरवर १२ सेंट वर जात होती. एक अर्धसूर म्हणजे १०० सेंट. १२ म्हणजे फार नाही असं वाटेल, पण गायिकेला ते ऐकू आलं होतं.

कानशीच्या आधी नेक

नटची खाच मोजायची तर नेक आधी त्याच्या ठरल्या जागी हवा. सांगलीत ही गोष्ट विसरून चालत नाही. एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकणारं कोरडं ऊन, आणि जूनपासून कृष्णाकाठची दमट हवा, कपाटातल्या पुस्तकांनासुद्धा बुरशी येते. लाकूड या दोन्हीला उत्तर देतं. माझा नेक पावसाळ्यात तारांच्या ओढीने पुढे झुकतो. तारा वर उचलल्यासारख्या होतात, मग मी ब्रिजवरून त्या खाली घ्यायचो. थंडीत हवा कोरडी झाली की नेक परत सरळ, आणि खाली घेतलेल्या तारा फ्रेटवर आपटायला लागतात. दर दिवाळीनंतर ‘झणझण परत आली’ असं मी म्हणायचो, त्यातली निम्मी ही होती. तुमचा नेक कदाचित उलट वागेल, म्हणून दोन ऋतूंत मोजून वहीत लिहून ठेवा.

मोजायचं असं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. उजव्या हाताने ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. आता ती तार म्हणजे ताणलेली फूटपट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटच्या डोक्यावर तारेखाली किती फट आहे ती फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या संचाने) बघा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. तार टेकलेलीच असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक ठरवणारी सळई) थोडा सैल करायचा, अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर आवळायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. किल्ली त्या रॉडला घट्ट बसणारीच हवी. जवळपासच्या मापाची घातली तर आतले कोपरे झिजतात आणि मग ते काम फार महागात पडतं. फिरवून झालं की तारा सुरात लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी परत मोजा.

फीलर गेज कुठून आणू असं विचाराल तर, मोटारसायकलचे टॅपेट सेट करणाऱ्या कुठल्याही मेकॅनिककडे असतो. मी कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये काम करतो, दिवसभर मायक्रॉनमध्येच बोलतो, आणि तरी स्वतःच्या बासवर हे साधं पातं तीन वर्षं लावलं नव्हतं. ते लावल्यापासून अंदाज संपले.

मिरजेत कळलेली गोष्ट

नेक बरोबर लागल्यावरही माझी ए तार झणझणत होतीच. त्याच सुमारास शेजारच्या काकूंच्या तंबोऱ्याची जवारी काढून आणायची होती. सांगलीहून मिरज दहा किलोमीटरच्या आत. तंबोरा पोचवायला निघालो आणि जाता जाता बासची बॅगही पाठीला लावली.

मिरजेत सतारमेकर गल्लीत पिढ्यानपिढ्या हेच काम चालतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, तुणीचं लाकूड, आणि घोडीवर (तारा टेकतात त्या हाडाच्या पुलावर) तासन्‌तास चालणारी कानस. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गवयांना ते गाव त्याच्या फार आधीपासून ठाऊक आहे. अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच राहिले, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे.

ज्या चाचांकडे काकूंचा तंबोरा दिला, त्यांनी बॅगेकडे बोट दाखवलं. “हे काय आणलंस?”

“बास आहे, चाचा. एक तार झणझणते.”

त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली, ए तार अंगठ्याने छेडली आणि डोकं खाली करून ऐकत राहिले. म्हणाले, “अरे, हिला तर जवारी लागलीये. आम्ही दिवसभर घासून जे आणतो ते हिला आपोआप आलंय.” मग त्यांनी नट आणि खुंटी यांच्यामध्ये, म्हणजे नटच्या मागच्या बाजूला, तारेवर अंगठा दाबला आणि दुसऱ्या हाताने तार पुन्हा छेडली. आवाज एकदम स्वच्छ. अंगठा उचलला, परत झीं.

“तार बसलेली नाही बघ. खाच खोल नाही, तार वर तरंगतेय. मागून ओढ नाही तिला.”

तीन वर्षांचं निदान एका अंगठ्याने झालं. ही परीक्षा कुणीही घरी करू शकतो, म्हणून ती नीट सांगतो. मोकळी तार झणझणत असताना नटमागे तार दाबा. झणझण थांबली तर उंचीला हात लावू नका, दोष तारेच्या बसण्यात आहे. दाबूनही झणझण तशीच राहिली, तर खाच खरंच खोल गेलेली असण्याची शक्यता मोठी.

जवारी म्हणजे काय ते तिथेच उमजलं. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उताराचा, गोलसर. तार कंप पावते तेव्हा त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. टेकण्याची जागा सतत पुढे-मागे सरकते आणि त्यातून वरचे स्वरांश पुन्हा पुन्हा जागे होतात. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती जागा नेमकी धरायची, हे तंबोरा लावणाऱ्याचं कसब. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोऱ्याच्या आणि वीणेच्या याच गुणावर लिहिलं होतं.

बासच्या नटवर हेच नको असतं. तिथे तार एकाच बिंदूवरून सुटायला हवी, आणि तो बिंदू खाचेच्या फ्रेटकडच्या कडेवर हवा. खाचेचा तळ तिथून खुंटीकडे उतरता असला पाहिजे. तळ सपाट असेल, मध्ये फुगलेला असेल किंवा उलटा, म्हणजे खुंटीकडे वर आणि फ्रेटकडे खाली असेल, तर तारेला टेकायला एक धार मिळत नाही, छोटं पटांगण मिळतं. त्या पटांगणावर ती घोळते आणि झणझणते. जी गोष्ट तंबोऱ्याचा प्राण आहे तीच बासचा आजार. कडेने भिंग धरून बघितलं तेव्हा दिसलं, माझ्या खाचेत भरलेल्या सोड्याचा तळ मधोमध टेकाडासारखा होता.

आता ए तारच का? अमेरिकेत गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये आणलेल्या बासपासून त्या पद्धतीच्या बासचं डोकं (खुंट्या असतात तो भाग) नेकला समांतर असतं, मागे कललेलं नसतं. डी आणि जी तारा डोक्यावरच्या छोट्या बटणाखालून जातात, त्याने त्यांना खाली ओढ मिळते. ई ची खुंटी नटच्या सगळ्यात जवळ, त्यामुळे तिलाही बऱ्यापैकी कोन मिळतो. ए तार मधल्या मध्ये सापडते. बटण नाही आणि खुंटी ई पेक्षा लांब. तिला ओढ मिळते ती फक्त खुंटीवरच्या वेढ्यांतून. वेढे वरवर राहिले, किंवा एकच वेढा बसला, की ती जवळजवळ आडवी जाते. नवा सेट चढवल्यावर दुखणं का उलटायचं ते इथे आहे. मी घाईत तार आखूड कापायचो आणि एका वेढ्यावर भागवायचो. जुना सेट मात्र दुकानातून तीन वेढ्यांवर आला होता.

इलाज फुकटचा. ए तार चढवताना खुंटीच्या पुढे १०-१२ सेंटिमीटर तार राखा. कापायच्या जागी आधी काटकोनात वाकवा आणि वाकलेल्या भागाच्या पुढे कापा. सरळ तार कापली तर वरचं वेटोळं सैल होऊन सरकतं आणि तार मुकी होते. टोक खुंटीच्या भोकात खाली घालून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याखाली येईल असा बोटाने दाबत तीन वेढे घ्या. शेवटचा वेढा खुंटीच्या तळाशी गेला पाहिजे. माझी निम्म्याहून जास्त झणझण तिथेच थांबली. उरलेली खाचेच्या टेकाडाची होती.

खाचेची उंची मोजणं

नेक झाला, वेढे झाले. आता कुठे उंचीचा प्रश्न विचारायचा.

तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या डोक्यावर बघा. नट आणि तिसरा फ्रेट यांच्यामध्ये तार सरळ आहे, तिच्याखाली पहिल्या फ्रेटवर बारीकशी फट दिसली पाहिजे. ई तारेला मी ०.२ मिलिमीटर ठेवतो, जी ला ०.१, मधल्या दोघींना त्यामधलं. जाड तारेचा झोका मोठा असतो, म्हणून तिला जागा जास्त. फीलर गेज नसेल तर झेरॉक्सच्या साध्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर भरते. जी तारेखाली तो अलगद सरकावा, ई खाली दुहेरी घडी. फट अजिबात नसेल, तार फ्रेटवर टेकलेलीच असेल, तर खाच खोल आहे. अर्धा मिलिमीटर दिसत असेल तर उंच.

इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे, त्याने माझी एक खाच वाचली. पहिला फ्रेट नटपासून ४८.५ मिलिमीटरवर, तिसरा साधारण १३७ वर. त्यामुळे तिसऱ्यावर दाबून मोजलेली फट खाचेच्या उंचीइतकी बदलत नाही, तिच्या दोन तृतीयांशाहून किंचित कमी बदलते. खाच ०.१ घासली तर फट ०.०६५ च्या आसपास कमी होते. फट ०.३ आहे आणि ०.२ हवी असेल, तर घासायचं दीड दशांश. बाराव्या फ्रेटवर मात्र तीच खाच ०.२ खाली गेली तरी तार फक्त ०.१ खाली येते. अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) जास्त आहे म्हणून नट घासणारे लोक भेटतात. बाराव्याची उंची सॅडलवर ठरते, नटवर नाही.

उंच असेल तर

नटच्या खाचांसाठी खास मापाच्या कानशी मिळतात. आपल्याकडे त्या मागवाव्या लागतात आणि स्वस्त नसतात. चार तारा कायम एकाच मापाच्या वापरत असाल तर घ्याव्यात असं मी म्हणेन. नाही तर सराफांच्या कामाच्या बारीक गोल कानशी चालतात, आणि जी तारेसाठी गॅस वेल्डिंगचा टिप क्लीनर. खाचेची रुंदी तारेपेक्षा केसभरच जास्त हवी. ४५-६५-८५-१०५ चा (हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागांत) सेट असेल तर तारा १.१४, १.६५, २.१६ आणि २.६७ मिलिमीटरच्या. खाच ०.१ ने रुंद असली की पुरे. फार रुंद झाली तर तार आडवी हलते आणि वेगळीच झणझण सुरू होते. अरुंद असली तर तार अडकते, सूर लावताना ‘टिंग’ असा आवाज होऊन एकदम उडी मारते.

किती खोल जायचं ते आधी पक्कं करण्याची एक पद्धत मला फार आवडली. पहिल्या दोन फ्रेटवर छोटी सरळ पट्टी ठेवायची आणि तिच्याखाली फिंगरबोर्डपर्यंत (फ्रेट बसवलेल्या लाकडापर्यंत) किती अंतर आहे ते फीलर गेजने मोजायचं. ती फ्रेटची उंची. माझी १.१ मिलिमीटर आली. ई तारेसाठी तिच्यात ०.३ मिळवायचे, म्हणजे १.४. गेजची १.० आणि ०.४ ची पाती एकावर एक ठेवून फिंगरबोर्डवर नटला चिकटवून धरायची आणि खाच घासायची. कानस पात्यांवर आली की हाताला लगेच कळतं, धातूवर धातू घसरतो. तिथे थांबायचं. जी साठी ०.१५ ते ०.२ मिळवा.

तरी पहिल्या वेळी थोडं अलीकडेच थांबा. डोक्याच्या लाकडावर मास्किंग टेप लावा. कानस खुंटीकडे कलती धरा, नटमागे तार ज्या कोनात खाली जाते त्याच्या साधारण निम्म्याने, म्हणजे उतार आपोआप मागे पडेल आणि धार फ्रेटकडच्या कडेवर राहील. दोन-तीन हात मारले की भुसा फुंकून तार परत बसवा, सुरात आणा, मोजा. कंटाळवाणं आहे, पण दर वेळी तार सुरात लावूनच मोजा; सैल तारेचं माप खोटं असतं. शेवटी त्याच मापाच्या जुन्या तारेच्या तुकड्याला हजार नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाच गुळगुळीत करा आणि नरम पेन्सिलीचं शिसं आत फिरवा.

तार खाचेत अर्धी बुडाली की बस. त्याहून खोल गेली तर नटचा माथा वरून घासून कमी करा, नाही तर तार तिथे आवळली जाते.

खोल गेली असेल तर

चारही खाचा सारख्याच खोल असतील तर भरू नका. नट काढून खाली पातळ पत्रा द्या. नटच्या कडेने आधी धारदार कटरने रेघ मारा, म्हणजे वार्निशचा पापुद्रा उडणार नाही. मग बाजूने लाकडाचा ठोकळा लावून हलक्या हातोडीने सरकवा. पितळी शिमचा ०.१ किंवा ०.२ चा तुकडा कुठल्याही मशीन शॉपमध्ये कचऱ्यात पडलेला मिळतो. बसवताना फेविकॉलचे दोन ठिपके पुरेत. नटवर तारांचाच भार असतो, तो उडून जाणार नाही, आणि पुढे कधी काढावा लागला तर सहज निघेल.

एकच खाच खोल असेल तर भरणं आलं. मी सोडा आणि सुपरग्लूला पूर्ण नाकारत नाही. कार्यक्रम उद्यावर आला असेल तर करा. पण ते टिकत नाही, आणि का ते समजून घ्या. गोल वेटोळ्याची स्टीलची तार म्हणजे स्वतःच एक कानस आहे. सूर लावताना ती खाचेत पुढे-मागे सरकते आणि भरलेला मऊ थर खात जाते. माझा थर तीन महिन्यांत खड्ड्यासारखा झाला होता. हाडाचा भुसा आणि सुपरग्लू यांचा थर जास्त घट्ट बसतो. थेंब एकच टाका, पंख्याखाली बसा आणि चेहरा लांब ठेवा, त्या वाफेने डोळे झोंबतात.

कायमचा इलाज म्हणजे नवा नट. माझ्या बासचा मूळ नट पोकळ प्लॅस्टिकचा होता, त्यावर तीन वेळा भरणं-घासणं झालेलं. चाचांनीच हाडाची पट्टी दिली. घोडीसाठी ते उंटाचं हाड वापरतात. पूर्वी सांबरशिंग चालायचं, ते आता कायद्याने बंद आहे. जुन्या नटची लांबी, जाडी, उंची व्हर्नियरने घेऊन पट्टी काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर घासली. हाड घासताना जळक्या केसांचा वास येतो आणि भुसा नाकात जातो, मास्क लावूनच बसा.

तारांच्या मधलं अंतर ठरवताना तारांच्या मध्यापासून मध्य समान धरू नका, कडेपासून कड समान धरा, नाही तर जाड तारा एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटतात. माझा नट ३८ मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंना ३-३ सोडले, उरले ३२. चार तारांची जाडी मिळून ७.६२. बाकी २४.३८ भागिले तीन, म्हणजे दोन तारांमध्ये ८.१३. तेवढ्यावर टोकदार सुईने खुणा केल्या आणि मग पहिली कानस लावली. दोन संध्याकाळी गेल्या.

नवा नट बसल्यावर काळी पाच ट्यूनरवर ३ सेंट वर दाखवते, त्यापुढे मी गेलो नाही. तेवढं जरासं जोरात दाबल्यानेही होतं. काकूंचा तंबोरा आणायला गेलो तेव्हा बासही नेली होती. चाचांनी परत नटमागे अंगठा दाबला, सोडला, आणि दोन्ही वेळा आवाज सारखाच आला. त्यांनी काही न बोलता ती माझ्या हातात दिली आणि काकूंच्या तंबोऱ्याचा दोरा लावायला घेतला.

तारांचं माप बदलणार असाल तर हे सगळं पुन्हा तपासावं लागेल. ४५-१०५ वरून हलका ४०-९५ चा सेट लावला तर तार जुन्या खाचेत सैल बसते आणि ओढ कमी झाल्याने नेकही हलतो. आधी नेक, मग ए तारेचे वेढे, मग तिसऱ्या फ्रेटवर दाबून फट. पाच तारांची बास असेल तर खालच्या बी तारेला फट ई पेक्षाही किंचित जास्त, ०.२५ पर्यंत ठेवा.